मिळवलेलं पदक कागदावर नाही? सैन्याच्या रेकॉर्डमध्ये नोंद कशी करून घ्यावी

डिस्चार्ज बुकातला, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवा-पुस्तिकेतला, पदकांचा रकाना निवृत्तीच्या दिवशी घाईघाईत पाहिला जातो आणि मग पुस्तक ट्रंकेत जातं. पुढे गावात सत्कार ठरतो, किंवा सैनिकाच्या माघारी घरचे कागद काढतात, तेव्हा लक्षात येतं की माणूस १९७१ ला पश्चिम आघाडीवर होता, पण ‘पश्चिमी स्टार’ची नोंद कुठेच नाही. अशी सुटलेली नोंद निवृत्तीनंतरही करून घेता येते. त्यासाठी सुरुवातीला वकील लागत नाही आणि एजंट तर कधीच लागत नाही. पुढची माहिती भूदलातले जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यासाठी आहे. नौदल आणि हवाई दलाची कार्यालयं वेगळी आहेत, वाट साधारण हीच.

नेमकं काय सुटलं आहे?

अर्ज लिहिण्याआधी हे ठरवा. पदक हातात आहे पण नोंद नाही, हा एक प्रकार. नोंद आहे पण पदक कधी मिळालंच नाही किंवा हरवलं, हा दुसरा. नोंदही नाही आणि पदकही नाही, हा तिसरा. तिन्हींसाठी अर्ज एकाच कार्यालयाकडे जातो, पण मागणी वेगळी असते. पहिल्यात नोंद मागायची, दुसऱ्यात पदक, तिसऱ्यात आधी हक्क सिद्ध करायचा आणि मग दोन्ही मागायची. ‘माझं पदक मिळावं’ एवढंच लिहून पाठवलेला अर्ज या तिन्हींपैकी कशाचा आहे हे क्लार्कला कळत नाही आणि तो पत्रव्यवहारात फिरत राहतो.

पदक हातात असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. सेवेत दिलेल्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. तो तुमचा भक्कम पुरावा आहे. पॉलिश करताना ती अक्षरं घासून टाकू नका आणि कडेचे जवळून स्पष्ट फोटो काढून ठेवा. बाजारात मिळणाऱ्या पदकांची कड कोरी असते. ती गणवेशाच्या दुकानातून कोणीही घेऊ शकतो, पुरावा म्हणून त्यांना किंमत नाही.

हक्क कोणत्या पदकावर?

शौर्य पदकं आणि मोहिमेची किंवा सेवेची पदकं यांची गल्लत फार होते. वीर चक्र, सेना मेडल अशी शौर्य पदकं भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. राजपत्रात नाव असेल आणि रेकॉर्डमध्ये नसेल, तर राजपत्राचा दिनांक आणि अधिसूचना क्रमांक देऊन नोंद मागता येते. राजपत्रात नावच नसेल, तर ‘साहेबांनी शिफारस केली होती’ या आधारावर रेकॉर्ड दुरुस्त होत नाही. तो निवाडा त्या वेळीच झालेला असतो. हे ऐकायला कठीण जातं, पण त्यामागे वर्षं घालवण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड हा सन्मान खरा, पण ते पदक नव्हे.

मोहिमेच्या पदकाला शिफारस लागत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात, ठरलेल्या अटींवर तुम्ही होतात एवढं सिद्ध झालं की तो तुमचा हक्क. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, १९९९ साठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, २००१-०२ च्या सीमेवरच्या तैनातीसाठी ऑपरेशन पराक्रम मेडल. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांच्या पदकावर ‘श्रीलंका’ क्लॅस्प. क्लॅस्प म्हणजे फितीवर बसणारी धातूची पट्टी. अर्जात पदकाइतकंच तिचं नाव महत्त्वाचं, कारण सैन्य सेवा मेडलसारखं पदक एकच असतं आणि जम्मू-काश्मीर, हिमालय असे क्लॅस्प वेगवेगळ्या भागांतल्या सेवेचे असतात.

गोवा मुक्तीत भाग घेतलेल्यांच्या घरच्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. डिसेंबर १९६१ च्या त्या कारवाईचं नावही ‘ऑपरेशन विजय’च होतं. पण तिच्यासाठीचं पदक म्हणजे जनरल सर्व्हिस मेडल १९४७, ‘गोवा १९६१’ या क्लॅस्पसह. ऑपरेशन विजय मेडल कारगिलचं आहे. अर्जात चुकीचं नाव गेलं तर ‘हक्क नाही’ असं उत्तर येतं आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं.

काही पदकं मात्र आपली आपण लगेच तपासता येतात. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असाल तर स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला असाल तर ५० व्या वर्धापनाचं, १५ ऑगस्ट २०२२ ला असाल तर ७५ व्या वर्धापनाचं पदक. दीर्घ सेवेची ९, २० आणि ३० वर्षांची पदकं वेगळी. भरतीची आणि निवृत्तीची तारीख समोर ठेवली की यातलं काय सुटलं ते लगेच दिसतं.

शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठीचं घाव पदक, म्हणजे पूर्वीचं पराक्रम पदक, हा सगळ्यात महत्त्वाचा दावा. त्यासाठी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत जखमी) म्हणून त्या वेळी गेलेला रिपोर्ट आणि लष्करी रुग्णालयाचे कागद लागतात. हेच कागद युद्धातल्या दुखापतीच्या पेन्शनसाठीही उपयोगी पडतात, म्हणून मिळाले की प्रती जपून ठेवा. पण पेन्शनचा अर्ज वेगळा करा, एका पत्रात दोन्ही विषय घालू नका.

नोंद सुटते कुठे?

युनिटमध्ये जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, म्हणजे बदली, लग्न, मुलाचा जन्म, पदक, ते ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध होतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारावर सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद चढते. ऑर्डर निघालीच नाही, निघाली पण पोचली नाही, किंवा नंबरात एक आकडा चुकून दुसऱ्याच्या नावावर चढली, तर तुमचा रकाना कोरा राहतो. राष्ट्रीय रायफल्समध्ये किंवा दुसऱ्या युनिटशी अटॅच असताना मिळवलेली पदकं तपासताना जास्त काळजी घ्या, कारण तुम्ही एकीकडे असता आणि तुमचं रेकॉर्ड मूळ रेजिमेंटकडे असतं.

म्हणून माझा आग्रह असा की पहिलं पत्र मागणीचं लिहू नका, माहितीचं लिहा. ‘माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कोणती पदकं, कोणत्या पार्ट टू ऑर्डरने नोंदली आहेत ते कळवावं.’ कधी असं निघतं की रेकॉर्डमध्ये नोंद आहे, फक्त डिस्चार्ज बुकात उतरायची राहिली. मग काम फारच सोपं होतं.

अर्ज कुठे आणि कसा?

अर्ज तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री यांची अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचं काम मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे. नोकरीत कोअर बदललं असेल तर जिथून निवृत्त झालात तिथे लिहा आणि आधीचं युनिट स्पष्ट सांगा.

अर्ज थेट पोस्टाने पाठवता येतो, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा. तिथे जावक क्रमांक पडतो, पाठपुराव्याला आधार राहतो आणि पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत नीट लिहून घेण्याची सोय होते.

अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, ट्रेड, भरती आणि निवृत्तीची तारीख, आणि दावा असलेल्या काळातलं युनिट, कंपनी, ठिकाण, महिना आणि वर्ष लिहा. जेसीओ झालेल्यांनी जवान असतानाचा नंबर आणि जेसी नंबर दोन्ही द्यावेत, कारण जुन्या पार्ट टू ऑर्डर जुन्या नंबराने शोधाव्या लागतात. नावाचं स्पेलिंग डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा. आधार कार्डावर ते वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची साक्षांकित प्रत, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि पदकाच्या कडेचा फोटो. हक्क सिद्ध करायचा असेल तर त्या काळातलं मूव्हमेंटचं, अटॅचमेंटचं किंवा रुग्णालयाचं जे हाती असेल ते. त्याच कंपनीत असलेल्या आणि तेच पदक मिळालेल्या साथीदाराचं प्रतिज्ञापत्र, त्याच्या नंबरासह आणि त्याच्या नोंदीच्या प्रतीसह, चांगलं बळ देतं. एकट्या प्रतिज्ञापत्रावर मात्र विसंबू नका. मूळ डिस्चार्ज बुक पहिल्या पत्रासोबत कधीच पाठवू नका. नोंद करण्यासाठी त्यांनी लेखी मागितलं, तरच सगळ्या पानांची प्रत ठेवून स्पीड पोस्टाने पाठवा. रकान्यात आपल्या हाताने काहीही लिहू नका. रेकॉर्ड ऑफिसच्या शिक्क्याविना लिहिलेल्या एका ओळीने अख्खं पुस्तक संशयात येतं.

मोहिमेच्या पदकांना दरमहा भत्ता नसतो, तो शौर्य पदकांना असतो. तेव्हा ‘पदक चढवून देतो, पेन्शन वाढेल’ असं सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर

पेन्शन नसलेल्या सैनिकांचं सर्व्हिस रेकॉर्ड निवृत्तीनंतर २५ वर्षांनी नष्ट केलं जातं. पण लाँग रोल राहतो. त्यात सैनिकाची मूळ माहिती थोडक्यात असते. ‘रेकॉर्ड नष्ट’ असं उत्तर आलं तर थांबू नका, लाँग रोलचा उतारा मागा. अशा वेळी घरातलं डिस्चार्ज बुक हाच मुख्य आधार असतो, म्हणून ते आजच स्कॅन करा.

सैनिक हयात नसेल तर

पत्नीने अर्ज करावा, ती नसेल तर मुलांनी. रेकॉर्ड ऑफिस सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंदलेलं वारसाचं नाव पाहतं. वीरपत्नींची अडचण इथेच होते: रेकॉर्डमध्ये माहेरचं किंवा घरगुती नाव, आधारवर सासरचं. हा फरक आधी मिटवा. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि एकाहून अधिक मुलं असतील तर बाकीच्यांचं ना-हरकत पत्र जोडा.

उत्तर आलं नाही तर

स्मरणपत्र पाठवा. मग माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि नेमके प्रश्न: अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, नोंदीची पार्ट टू ऑर्डर कोणती, तिची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाहीतर पहिलं अपील. वारसांनी नात्याचा पुरावा जोडावा. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार करता येते.

लेखी नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत जावं लागतं. निवेदन देऊन ६ महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढे १ वर्षाची मुदत मिळते. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. वकिलाचा विचार इथे करा, आधी नाही. निवेदन दिल्याची तारखेसह पोच इथे लागते, म्हणून पहिल्या पत्रापासूनच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा.

नोंद झाल्याचं पत्र हाती आलं की नंबर, नाव, पदकाचं पूर्ण नाव, क्लॅस्प आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख तिथल्या तिथे तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात परत लिहा. बरोबर असेल तर एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या तुमच्या फाइलला लावून घ्या.