वादविवाद शिबिराने पोरं उद्धट होतात?

परीक्षा संपत आल्या की बेळगावातल्या शहापूर-वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत हे वाक्य हमखास कानावर येतं : "वादविवादाचं शिबिर नको बाई, पोरगं घरात उलट बोलायला लागतं."

खरं तर तिथं आधी ऐकावंच लागतं. जगभर रुळलेली ब्रिटिश संसदीय पद्धत घ्या. चार संघ, प्रत्येकी दोन वक्ते. बाजू स्वतः निवडायची नाही, वाट्याला येईल ती मांडायची. विषय कळल्यावर तयारीला १५ मिनिटं, बोलायला साधारण ७. समोरच्याला मध्येच प्रश्न विचारायचा तर उभं राहायचं. त्यानं होकार दिला तरच विचारायचा, आणि पहिल्या व शेवटच्या मिनिटात तर नाहीच. (आमच्या गल्लीतल्या बैठकीत एवढी शिस्त असती तर!) घरच्या मताच्या नेमकी विरुद्ध बाजू वाट्याला आली की पोरगं घरी येऊन चिडचिड करेल. ती उद्धटपणाची नव्हे, विचाराची खूण.

पाठ केलेलं भाषण म्हणजे वक्तृत्व, ते वेगळं. म्हणून पैसे भरण्याआधी सराव कोणत्या पद्धतीचा आणि मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत, हे विचारा. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी गटात ढकललं तर ते आठवडाभर गप्प बसेल.

पुण्या-कोल्हापुरात पाठवणार असाल तर तारखा नीट बघा. तिकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे कर्नाटकात मे सरता सरताच घंटा वाजते.