मापात पाप की मालात खोट? वजनमापे खातं आणि एफडीए यांतला फरक

पेढ्याला आंबूस वास आला म्हणून वजनमापे खात्याकडे अर्ज आणि खोक्यासकट वजन केलं म्हणून एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे), अशी गल्लत महाराष्ट्रात सर्रास होते. दोन्ही राज्य शासनाच्या यंत्रणा, दोन्हींचे अधिकारी दुकानात येऊन तपासतात आणि जप्ती करतात. पण कायदे वेगळे आहेत. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहिला, तर तो इकडे येईपर्यंत दुकानातला माल विकून संपलेला असतो. मग तपासायचं काय?

वैध मापन शास्त्र यंत्रणा, म्हणजे बोलीतलं वजनमापे खातं, २००९च्या वैध मापन शास्त्र अधिनियमावर चालते. पेढा चांगला की वाईट, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पाव किलो म्हणून दिलेला पेढा पाव किलो भरतो का, एवढंच ती पाहते. निव्वळ वजनात खोका धरता येत नाही. पेढा ६०० रुपये किलो असेल आणि खोका ५० ग्रॅमचा, तर पुठ्ठ्याचे ३० रुपये तुम्ही पेढ्याच्या भावाने मोजता. म्हणून रिकामा खोका आधी काट्यावर ठेवायला सांगा, ‘टेअर’ दाबून आकडा शून्यावर आणायला लावा आणि मगच पेढे भरू द्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. व्यापारी तिला ‘काटा पासिंग’ म्हणतात. तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावलेलं असायला हवं, त्यावरची तारीख वाचा.

बंद पाकिटाचं गणित जरा वेगळं आहे. अर्धा ते एक किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते, मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये. त्यामुळे एकच पाकीट १० ग्रॅम कमी भरलं म्हणून केलेली तक्रार टिकत नाही. त्याच बॅचची चार-पाच न फोडलेली पाकिटं कमी भरली, तर ती दमदार ठरते.

अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, अन्नापुरतं २००६च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमावर चालतं. खव्यात भेसळ, बुरशी, मुदत उलटलेला माल, विनापरवाना धंदा ही सगळी त्यांची कामं. २०१२पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तिच्या धाडीही तेच घालतात. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२०पासून सक्तीचं आहे. ती पाटी नसेल तर तक्रार एफडीएकडेच.

इथे एक गैरसमज लोकांना महागात पडतो. घरी नेलेला, उघडलेला पेढा पुरावा म्हणून चालत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून, किंमत मोजून, स्वतः नमुना घेतो. त्याचे चार भाग करून सीलबंद करतो आणि त्यातला एक अन्न विश्लेषकाकडे जातो. खव्याच्या नमुन्यात दर २५ ग्रॅमला दोन थेंब या प्रमाणात फॉर्मेलिन घालतात, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुनाच नासेल. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. ग्राहकालाही फी भरून तपासणी करून घेता येते, पण ती करणार असल्याचं खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. ही अट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि नेमकी तिथेच तक्रार ढासळते.

दोन्ही खाती खरी भेटतात ती पाकिटावरच्या छपाईत. निव्वळ वजन, एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर हे वजनमाप्यांचं. घटक पदार्थ, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, १४ आकडी परवाना क्रमांक हे एफडीएचं.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वजनमाप्यांकडे जायचं, पण दोन अपवाद ध्यानात ठेवा. औषधाच्या पट्टीवर जादा किंमत लावली, तर ते एफडीएच्या औषध विभागाचं काम, कारण औषधांच्या किमती २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली येतात. आणि हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीबंद पाण्याला एमआरपीची मर्यादा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७चा निकाल आहे. ती तक्रार कुठेच चालणार नाही.

पेट्रोल कमी येतंय असं वाटलं तर पंपावरचं ५ लिटरचं माप मागा. ते ठेवणं बंधनकारक आहे. त्यात २५ मिलिलिटरहून जास्त तूट आली, तर वजनमापे खातं गाठा.

अर्ज कुठेही करा, त्यात दुकानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, बिलाचा फोटो आणि बॅच क्रमांक हवाच. बॅच क्रमांक बहुधा पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर फिकट शाईत असतो आणि पाकीट फाडताना पहिल्यांदा तोच जातो. म्हणून फोडण्याआधी फोटो काढा. कुणाकडे जायचं हे तरीही ठरत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.