मृत्युपत्रीय पालक

आपल्या पश्चात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, अपत्याचा सांभाळ आणि त्याच्या मालमत्तेची देखरेख कोणी करावी, हे आईने किंवा वडिलांनी मृत्युपत्रात नमूद केल्यास, तशा नेमलेल्या व्यक्तीस मृत्युपत्रीय पालक म्हणतात. हिंदूंच्या बाबतीत हा अधिकार हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ९ मधून मिळतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या वर्षी धम्मदीक्षा झाली त्याच वर्षीचा हा कायदा बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत व्यक्तिगत कायदा, तर ख्रिस्ती व पारशी कुटुंबांत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ पाहावा लागतो.

या नेमणुकीविषयी सर्वांत मोठा गैरसमज आईच्या स्थानाबद्दल असतो. समजा, नागपूरच्या महाल भागात घर आणि काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या गृहस्थाने धाकट्या भावाला मुलांचा पालक नेमले आणि त्याच्यामागे पत्नी हयात असेल, तर ती नेमणूक निष्प्रभ राहते व पालकत्व आईकडेच जाते. पुढे आईचेही निधन झाले आणि तिने स्वतःच्या मृत्युपत्रात कोणालाच नेमले नसेल, तरच वडिलांनी केलेली नेमणूक पुन्हा जिवंत होते. विधवा आईने केलेली नेमणूक अशी अडून राहत नाही. म्हणून दोघांनी आपापल्या मृत्युपत्रांत एकच नाव लिहिणे, आणि त्या व्यक्तीला आधी विचारून घेणे, हेच शहाणपणाचे ठरते. नेमणूक झाली तरी कलम १३ नुसार मुलाचे कल्याण सर्वोपरी असल्याने न्यायालय अयोग्य पालकास दूर करू शकते.

पालक म्हणजे मालक नव्हे. अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. तिच्याविना केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करवून घेऊ शकते. उदाहरणातली बाग एकत्र कुटुंबाची असून तिचा कारभार कुटुंबातील सज्ञान व्यक्ती पाहत असेल, तर मुलाच्या अविभक्त हिश्श्यासाठी वेगळा पालक नेमताच येत नाही. शेतीवाडीच्या घरांत हे कलम १२ बहुधा दुर्लक्षिले जाते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी ऐच्छिक असून मुद्रांक शुल्क लागत नाही. नागपुरातील मालमत्तेपुरत्या हिंदू मृत्युपत्रास प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्तीही नाही. तंटा उद्भवल्यास मुलाच्या ताब्याचा व संगोपनाचा प्रश्न कुटुंब न्यायालयात जातो.

शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा देऊन पालकाचे नाव लिहितात. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकाचा अधिकार संपतो, पण हा शेरा आपोआप जात नाही. तो कमी करण्यासाठी वयाच्या पुराव्यासह ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे पदनाम तलाठी) अर्ज द्यावा लागतो.