पाणी तबकडीतलं की ग्रहावरचं?

जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ साली पीडीएस ७० या ताऱ्याभोवती पाण्याची वाफ दिसली. 'जन्माला येणाऱ्या ग्रहावर पाणी' हे वाक्य तेव्हापासून वाचून वाचून मला वीट आलाय. ती वाफ ग्रहावरची नव्हतीच.

३७० प्रकाशवर्षांवरचा, जेमतेम ५४ लाख वर्षांचा तारा, भोवती वायू-धुळीची तबकडी, तबकडीत मोठी पोकळी आणि पोकळीत बी आणि सी हे दोन महाकाय ग्रह. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

घोळ होतो तो जागेचा. वाफ सापडली पोकळीच्याही आत, ताऱ्याला चिकटून असलेल्या छोट्या तबकडीत, ताऱ्यापासून १६ कोटी किलोमीटरच्या आत. बी ग्रह त्याच्या जवळपास वीसपट लांब आहे.

दोन्हींच्या खुणाही उलट्या. तबकडीतली वाफ सुमारे ३३० अंश सेल्सिअसला तापलेली, स्वतःच प्रकाशणारी; वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, तिच्या रेषा उजळ उठतात. ग्रहाच्या वातावरणातली वाफ खालून येणारा उजेड गिळते, तिथे खाचा पडतात. ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात बुडालेला, त्यामुळे या खाचा नुसत्या बघून सापडत नाहीत. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून ताऱ्याचा वर्णपट वजा करायचा, उरलेल्यावर पाण्याचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा गणिताने काढलेला साचा सरकवत न्यायचा. बारीक बारीक खाचा एकदम जुळल्या की नेमका ग्रहाचा ठिपका उजळतो. २०१८ मध्ये बीटा पिक्टोरिस बी या ग्रहावर हे दोन्ही रेणू असेच सापडले.

२०२१ मध्ये हाच प्रयोग पीडीएस ७० बीवर झाला आणि हाती काहीच लागलं नाही. मग 'तिथे पाणी नाही' असंही लिहून झालं! पण हा ग्रह अजून धुळीत गुरफटलेला आहे, आणि धूळ खाचा बुजवते. २०२४ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीने अधिक बारीक वर्णपट घेतला, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी दोन्ही मिळाले. ग्रहावरच्या पाण्याची बातमी ही.

तबकडी आणि ग्रह वेगळे ठेवले तरच पुढचा प्रश्न विचारता येतो. बाहेरच्या तबकडीतल्या वायूत कार्बन ऑक्सिजनपेक्षा जास्त आहे, ग्रहात मात्र दोघांचं प्रमाण ताऱ्यातल्या प्रमाणाशी मिळतंजुळतं. म्हणजे बी नुसत्या वायूवर पोसलेला नसावा. ऑक्सिजनने भरलेला बर्फही त्याने भरपूर गिळलेला असणार.