प्रथिनसंकुलांच्या रचनेची पार्श्वभूमी : ‘संकरित’ की ‘एकात्मिक’?

रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांत कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटले की ‘हरण्या आला’ असे म्हणतात आणि ते झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेतात. या रोगामागचा कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणजे एकाच प्रथिनाच्या 180 प्रतींचे, जेमतेम 29 नॅनोमीटर व्यासाचे कवच आणि आत आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य. 1997 मध्ये या कवचाची रचना प्रसिद्ध झाली ती क्ष-किरण स्फटिकशास्त्र (स्फटिकावर क्ष-किरण टाकून रचना शोधणे), अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉनांनी घेतलेली चित्रे) आणि प्रथिनक्रमांची, म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या क्रमाची, तुलना या तिन्हींच्या आधारे. 2000 मध्ये स्फटिकांवरून 3.2 अँगस्ट्रॉमपर्यंतचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) तपशील मिळाला आणि माव्यामार्फत प्रसारासाठी आवश्यक असलेला प्रथिनाचा वळसा कवचाच्या बाहेरच्या बाजूस उघडा असल्याचे दिसले.

विषाणूची कवचे सममित असल्याने हे जमले. पेशीतील अनेक मोठी संकुले, म्हणजे बरीच प्रथिने एकत्र येऊन बनलेल्या रचना, लवचीक असतात आणि त्यांचे स्फटिक सहसा होत नाहीत. यीस्टच्या केंद्रकछिद्रातील (पेशीकेंद्रकाच्या आवरणातील ये-जा करण्याच्या दारातील) 456 प्रथिनांची मांडणी 2007 मध्ये सुचवली गेली, तेव्हा वेगाने फिरवल्यावर प्रथिने तळाशी बसण्याचा वेग, कोणते प्रथिन कोणाला चिकटते याची निरीक्षणे आणि सूक्ष्मदर्शकात खूण केलेल्या प्रथिनांच्या ठिपक्यांची स्थाने अशी विजातीय माहिती संगणकाने एकत्र जुळवली.

या पद्धतीला नाव काय द्यावे, यावर मात्र एकमत नव्हते. सुरुवातीला ‘हायब्रीड’ हा शब्द रुळला आणि मराठीत त्याचे ‘संकरित’ झाले. खानदेशात हायब्रीड म्हणजे दादर (तिथली गावरान ज्वारी) नव्हे ती ज्वारी. तिच्या दाण्यात आई-बाप वाण वेगळे काढून दाखवता येत नाहीत. येथे नेमके उलट हवे असते. क्ष-किरणांनी काय सांगितले, सूक्ष्मदर्शकाने काय सांगितले आणि प्रत्येकाची अनिश्चितता किती, हे शेवटपर्यंत वेगळे दिसले पाहिजे. म्हणून ‘एकात्मिक’ हाच शब्द मला योग्य वाटतो. कपाशीच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनात कामगंध सापळा, निंबोळी अर्क आणि मित्रकिडी आपापल्या मर्यादेत राहून एकाच कामाला लागतात, तसेच हे आहे.

नावाचा हा गोंधळ निर्णयातही उतरला. प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहाने 2006 पासून निव्वळ संगणकी प्रारूपे स्वीकारणे थांबवले. निर्णय रास्त होता, पण अर्धी मोजमापे आणि अर्धी गणना असलेली प्रारूपे त्यामुळे अधांतरी राहिली. तीही जतन करावीत, अशी शिफारस 2014 मधील तज्ज्ञांच्या बैठकीने केली आणि त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय झाली.

दरम्यान इलेक्ट्रॉन थेट टिपणारे संवेदक आले, 2017 चे रसायनशास्त्राचे नोबेल अतिशीत सूक्ष्मदर्शनाला मिळाले आणि 2022 मध्ये मानवी केंद्रकछिद्राच्या प्रारूपात कृत्रिम बुद्धिमत्तेने वर्तवलेल्या प्रथिनरचना पेशीतील टोमोग्राफीच्या (अनेक कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून बनवलेल्या त्रिमितीय) नकाशात बसवल्या गेल्या. अशा प्रारूपांत अणूंची जागा ठरवण्याइतकी माहिती जिथे मिळत नाही, तिथे प्रथिनाचा तो भाग अनेकदा एकापुढे एक ओवलेल्या मण्यांनी दाखवतात.