पालगडचं घर आणि अमळनेरचं छात्रालय

खानदेशात साने गुरुजींचं नाव निघालं की ‘गुरुजी तर आमचे अमळनेरचे’ हे वाक्य येतंच, आणि त्या आपलेपणात खोटं काही नाही. पण पुढे कुणी श्यामचं घर, श्यामची आई, तिची झोपडी हे सगळंच अमळनेरच्या बोरी नदीच्या काठी आणून बसवतो, तेव्हा दोन निरनिराळ्या वास्तूंची गल्लत होते. दोन्हींवर माझी माया आहे, म्हणूनच ती वेगवेगळी ओळखावीत असं मनापासून वाटतं.

गुरुजींचं बालपणाचं घर कोकणातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात पालगड आहे, तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या वाट्याला खोतीच्या थाटापेक्षा वाटणी आणि कर्जच जास्त आलं. माहेरच्यांच्या घरात मिंधेपणानं राहण्यापेक्षा स्वतःची झोपडी बरी असं आई ठरवते, तो ‘श्यामची आई’मधला प्रसंग याच गावचा. पुस्तक कथारूप आहे, पण त्यातली गरिबी आणि आई गुरुजींनी जगलेली आहे.

आई, यशोदाबाई, १९१७ साली गेल्या. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले ते १९२४ मध्ये. एवढी दोन सालं लक्षात ठेवली तरी पुरे. त्या माउलीचा संसार अमळनेरात झालाच नाही.

मग गल्लत होते कुठे? मला वाटतं, पुस्तकाच्या रचनेतच. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो. ऐकणारी मुलं आणि सांगणारा शिक्षक म्हटल्यावर खानदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढे अमळनेरचं छात्रालयच उभं राहतं. आठवणी मात्र पालगडच्या, आणि त्या कागदावर उतरल्या १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात.

आता अमळनेर. प्रताप शेठजींच्या आश्रयानं उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला गुरुजी इथे आले आणि पुढे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकवू लागले. छात्रालयाची जबाबदारी अंगावर आली आणि इथेच त्यांचं दुसरं घर सुरू झालं. आसपासच्या खेड्यांतून आलेली पोरं, आईबापांपासून पहिल्यांदाच लांब. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजारपणात उशाशी बसत. मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं लिहून दैनिकही काढत. आईनं पालगडला जे त्यांच्यासाठी केलं, ते त्यांनी इथे परक्यांच्या लेकरांसाठी केलं. छात्रालयाला गुरुजींचं बालपणाचं घर म्हणता येणार नाही, पण तिथे राहिलेल्या कितीतरी मुलांचं ते बालपणाचं घर होतं, आणि अमळनेरनं अभिमान धरावा तो याचाच.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. अनुवादक साने गुरुजी आपल्याला दिसतात ते त्यानंतर. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या सत्याग्रहींचा सहवास लाभला आणि तमिळमधलं ‘कुरल’ हे प्राचीन नीतिकाव्य मराठीत आलं. टॉलस्टॉयचं कलेविषयीचं पुस्तकही त्यांनी मराठीत आणलं. १९३२ मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ती अठरा प्रवचनं आज वाचायला मिळतात ती त्यांच्या त्या लेखणीमुळे. दुसऱ्याचं बोलणं इतक्या निष्ठेनं जपणारा माणूसच चांगला अनुवाद करतो. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही त्यांची आंतरभारतीची तळमळही त्याच स्वभावातली.

तिसरंही एक ठिकाण या गोंधळात भर घालतं. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे. ते त्यांच्या नावानं नंतर उभारलेलं, गुरुजी तिथे वाढले नाहीत.

मुलांची सहल न्यायची असेल तर श्यामच्या आईसाठी कोकण रेल्वेनं खेडला उतरून पालगड गाठावं. शिक्षक साने गुरुजी समजून घ्यायचे असतील तर सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेरला उतरावं. आणि तिथे मुलांना सांगावं की गुरुजी इथे शिक्षक झाले तेव्हा चोवीस वर्षांचे होते.