व्हॉल्व्ह पुढे की मागे: हायब्रिड गिटार अ‍ॅम्पची साठ वर्षं

घरात एक अ‍ॅम्प असतो, बहुधा जड आणि जिवापाड जपलेला. मग कधीतरी दुसऱ्याची गरज भासू लागते. पहिला ऐन कार्यक्रमात बसला तर हाताशी असावा, रोजच्या सरावाला वेगळा असावा, किंवा लोकलच्या गर्दीतून खांद्यावर टाकून नेता यावा. शोधाशोध सुरू झाली की 'हायब्रिड' हा शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. अर्धा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी), अर्धा ट्रान्झिस्टर, एवढा त्याचा अर्थ. पण व्हॉल्व्हचा अर्धा कोणता? फसगत होते ती इथेच. १९७५ सालचा म्युझिक मॅन हायब्रिड आहे आणि २०१७ च्या सुमाराचा ५४० ग्रॅम वजनाचा व्हॉक्सही हायब्रिडच आहे. दोघांमध्ये व्हॉल्व्हची जागा मात्र बरोबर उलटी. आवाज, वजन, बिघाड आणि दुरुस्तीचा खर्च हे सगळं त्या जागेवर ठरतं.

गिटार अ‍ॅम्पचे दोन भाग असतात. पुढचा प्रीअ‍ॅम्प गिटारच्या तारांखालच्या पिकअपमधून येणारा व्होल्टच्या काही अंशाचा सिग्नल वाढवतो आणि त्याला रंग देतो. मागचा पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवतो. पुढच्या कामाला ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह पुरतो. मागच्या कामाला ईएल३४ किंवा ६एल६ सारखे मोठे व्हॉल्व्ह लागतात. ते ४००-५०० व्होल्टवर चालतात, पण करंट देतात मिलिअँपिअरमध्ये. स्पीकरला याच्या उलट, कमी व्होल्ट आणि जास्त करंट हवा असतो. म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि अ‍ॅम्पचं वजन नि किंमत दोन्ही मुख्यतः या लोखंड-तांब्यात असते. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आजही सुमारे २९ किलो भरतो.

ट्रान्झिस्टरला हा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. साहजिकच साठच्या दशकात बऱ्याच कंपन्या तिकडे वळल्या. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरचे फेंडर अ‍ॅम्प बाजारात आले. ते सपशेल पडले. त्या काळच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या आत एका बिंदूवर उष्णता साठली की तो तिथेच जळून शॉर्ट व्हायचा. मग पुरवठ्याचा डीसी थेट स्पीकरमध्ये जायचा आणि त्याच्या आतलं तारेचं वेटोळं, म्हणजे व्हॉइस कॉइलही जळायची. दुसरी अडचण आवाजाची. व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे गेला की सिग्नलचे माथे हळूहळू चेपतो. त्या ट्रान्झिस्टर सर्किटांमध्ये ते एकदम कापले जायचे आणि कानाला करकरीत लागायचे. फेंडरच्या कारखान्याची घडी बसवणारे फॉरेस्ट व्हाइट यांना हा माल दर्जाचा वाटला नाही आणि ते कंपनी सोडून गेले.

१९६६ मध्येच इंग्लंडमध्ये व्हॉक्सने मधला मार्ग काढला होता. यूएल७३० आणि त्याच्या भावंडांमध्ये प्रीअ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा आणि पॉवर अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा होता. हे अ‍ॅम्प फार काळ बनले नाहीत, पण हायब्रिडची पहिली मांडणी हीच: ट्रान्झिस्टर पुढे, व्हॉल्व्ह मागे. त्यामागचा तर्क आजही पटतो. पुढच्या भागात शक्ती नगण्य, त्यामुळे ट्रान्झिस्टर जळण्याचा प्रश्न नाही. मागच्या भागात मात्र तो तेव्हा भरवशाचा नव्हता, तिथे व्हॉल्व्हच बरा.

या मांडणीला खरी प्रतिष्ठा दिली म्युझिक मॅनने. गंमत अशी की ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवरून फेंडर सोडणारे फॉरेस्ट व्हाइट इथे टॉम वॉकर यांच्यासह संस्थापक होते. फेंडर कंपनीचे मूळ संस्थापक लिओ फेंडर सुरुवातीला पडद्याआड राहिले आणि १९७५ मध्ये अध्यक्ष झाले. १९७४ पासून निघालेल्या 'सिक्स्टी-फाइव्ह' आणि 'एचडी-१३०' या अ‍ॅम्पच्या पुढच्या भागात ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या चिप होत्या आणि मागे व्हॉल्व्ह, तेही जवळपास ७०० व्होल्टवर चालवलेले. परिणामी क्लीन (न फाटलेला) आवाज प्रचंड मोठा आणि कणखर. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी सत्तरच्या दशकात हे अ‍ॅम्प वापरले. पीव्हीच्या ड्यूस आणि मेस या मॉडेलांचा साचाही हाच होता. मेसमध्ये तर सहा ६एल६ आणि १६० वॉट. रोलँडनेही बोल्ट मालिकेत हीच मांडणी ठेवली.

जुन्या बाजारात असा अ‍ॅम्प दिसला तर आवाजासाठी तो मोहात पाडणारा आहे. माझ्या मते मात्र 'दुसरा अ‍ॅम्प' म्हणून तो चुकीची निवड आहे. वजन पहिल्याइतकंच, पॉवर व्हॉल्व्हचा खर्च तोच, शिवाय दुरुस्ती अधिक नाजूक. म्युझिक मॅनच्या नंतरच्या मॉडेलांत पॉवर व्हॉल्व्ह ग्रिड या नेहमीच्या टोकावरून नव्हे, कॅथोड या दुसऱ्या टोकावरून चालवले जातात आणि तिथे ट्रान्झिस्टर असतात. व्हॉल्व्ह शॉर्ट झाला की ते ट्रान्झिस्टरही सोबत जाऊ शकतात. फक्त व्हॉल्व्ह बदलला तर नवा व्हॉल्व्हही लालबुंद होऊन जळतो, कारण मूळ दोष तसाच राहिलेला असतो. व्हॉल्व्हमधला करंट बेतण्याची (बायसची) नेहमीची पद्धत इथे लागू पडत नाही, म्हणून सर्किटचा नकाशा पाहून काम करणाऱ्याकडेच तो द्यावा. आणि हे विसरू नये: प्लग काढल्यानंतरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्याची ही जागा नाही.

ऐंशीच्या दशकात गणित पालटलं. रेडिओ-टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले तसे अमेरिका आणि पश्चिम युरोपातले मोठे कारखाने एकेक करून बंद झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या खणात पडून राहिले. पुढे जगभरचा पुरवठा मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनवर येऊन टेकला. दुसरीकडे पॉवर ट्रान्झिस्टर आणि पॉवर चिप कमालीचे दणकट झाले होते. शॉर्ट झालं किंवा तापलं तर स्वतःहून बंद होण्याची सोय चिपच्या आतच आली. म्हणजे ज्या कारणासाठी व्हॉल्व्ह मागे ठेवला होता ते कारणच संपलं.

१९९१ मध्ये मार्शलने व्हॉल्व्हस्टेट मालिका आणली आणि मांडणी उलटी केली: एक ईसीसी८३ पुढे, ट्रान्झिस्टर मागे. पुष्कळजण तेवढंच लक्षात ठेवतात. त्यातली खरी कल्पकता मागच्या भागात होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी त्याचा अडथळा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. बारा इंची गिटार स्पीकरमध्ये साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे जाड ई तारेच्या आसपास, तो कित्येक पटींनी वाढतो. वरच्या सुरांकडेही चढत जातो. साधा ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो. स्पीकर काहीही करो, व्होल्ट तेवढेच. म्हणून आवाज सपाट आणि कोरडा. व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पची पकड सैल असते, त्यामुळे अडथळा वाढतो तिथे व्होल्टही वाढतात: खाली धमक, वर धार. मार्शलने स्पीकरमधून जाणाऱ्या करंटचा फीडबॅक घेऊन ट्रान्झिस्टरची पकड मुद्दाम सैल केली. बँडमध्ये वाजवताना हाताखाली जो 'जिवंतपणा' जाणवतो, त्याचा मोठा भाग या सैल पकडीचा असतो, पुढच्या एका व्हॉल्व्हचा नव्हे.

२००१ मध्ये व्हॉक्सने व्हॅल्व्हट्रॉनिक्समध्ये आणखी वेगळं केलं. व्हॉक्स तोवर जपानच्या कोर्ग कंपनीच्या मालकीची झाली होती. पुढे डिजिटल मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची चिपमधली नक्कल), मधल्या टप्प्यात एका १२एएक्स७ च्या दोन अर्ध्या भागांचा चिमुकला पुश-पुल (दोन्ही भाग आळीपाळीने काम करणारा) पॉवर अ‍ॅम्प, आणि त्याचा आवाज मोठा करायला ट्रान्झिस्टर. 'मागचा व्हॉल्व्ह' इथे खेळण्याएवढा करून आत बसवला होता.

त्यानंतरची कहाणी वजनाची. ऑरेंजचा मायक्रो टेरर आला २० वॉटचा, एक किलोच्या आत, पुढे एक १२एएक्स७. मग कोर्गने जपानच्याच नोरिताके इट्रॉनसोबत न्यूट्यूब बनवला. व्हीसीआर किंवा म्युझिक सिस्टिमच्या पुढच्या पट्टीवर हिरवट-निळे आकडे चमकायचे ना, त्याच तंत्रावरचा हा खराखुरा ट्रायोड, म्हणजे व्हॉल्व्हच आहे. साध्या व्हॉल्व्हच्या तुलनेत दोन टक्क्यांहून कमी वीज आणि ३०,००० तासांचं आयुष्य, असा कंपनीचा दावा. तो व्हॉक्सच्या एमव्ही५० मध्ये बसला, मागे क्लास-डी (कमी तापणारा ट्रान्झिस्टरचा) पॉवर अ‍ॅम्प आणि १९ व्होल्टचा अडॅप्टर.

एमव्ही५० वरचे आकडे नीट वाचावेत. ५० वॉट ते ४ ओहमवर. ८ ओहमच्या कॅबिनेटवर (स्पीकरच्या डब्यावर) २५ आणि १६ ओहमवर १२.५. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण वॉट निम्मे झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटवर तो किती मोठा वाजतो, हे याहून महत्त्वाचं. सेलेशनच्या व्हिंटेज ३० चा आकडा १०० डेसिबल आहे. ९४ चा स्वस्त स्पीकर लावला तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट वॉट लागतील. छोट्या हायब्रिडला ताकद नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष पुष्कळदा डब्याचा असतो. घरच्या जड अ‍ॅम्पचंच कॅबिनेट त्याला लावून आधी ऐकावं.

जोडताना मात्र दोन्ही पिढ्यांचे नियम वेगळे आहेत. मागे व्हॉल्व्ह असेल तर स्पीकरशिवाय अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणाऱ्या व्होल्टेजने त्याचं इन्सुलेशन फुटतं. मागे ट्रान्झिस्टर असेल तर स्पीकर नसला तरी सहसा बिघडत नाही, पण लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली गेलं की तो तापतो. मायक्रो टेररला किमान ८ ओहम हवेत. म्हणजे ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम झाले, आणि तिथे चूक झाली. शिवाय कित्येक छोट्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकर जॅकची दोन्ही टोकं 'गरम' असतात, जमिनीला जोडलेलं एकही नाही. असा जॅक आणि दुसऱ्या अ‍ॅम्पचा जॅक एकाच कॅबिनेट-स्विचवर आणला तर आउटपुट शॉर्ट होतो. केबलही स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तापते.

परदेशातून कुणी अ‍ॅम्प आणणार असेल तर मागची पट्टी पाहावी. अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट असेल तर पिन बदलली की झालं. अमेरिकेतला १२० व्होल्टचा व्हॉल्व्हस्टेट आपल्या २३० वर लावला तर लगेच जाईल, त्याला पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत जुन्या अ‍ॅम्पचा नेहमीचा आजार वेगळाच असतो: वाजवता वाजवता आवाज बसतो, मध्येच परत येतो. दुकानदार 'व्हॉल्व्ह गेला' म्हणेल. आधी इफेक्ट लूपच्या, म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडायच्या जागेच्या, सेंड आणि रिटर्न या दोन जॅकमध्ये एक छोटी केबल लावावी. आवाज पूर्ववत झाला तर व्हॉल्व्ह शाबूत आहे. रिटर्न जॅकच्या आतल्या पात्यावर गंज चढलाय, कॉन्टॅक्ट क्लीनरने तो जातो.

आणि दोन्ही अ‍ॅम्प एकत्र वाजवायचे असतील तर साधा वाय-केबल नको. दोघांच्या अर्थिंगमधून वळसा तयार होतो आणि ५० हर्ट्झची घूं सुरू होते. त्यावर प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा जिवाशी खेळ आहे. एका बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला एबीवाय बॉक्स (गिटारचा सिग्नल एका किंवा दोन्ही अ‍ॅम्पकडे पाठवणारा) घ्यावा. मग दोन्ही अ‍ॅम्प सारख्या आवाजावर ठेवून, बरोबर मध्ये उभं राहून, जाड ई तार छेडावी. दुसरा सुरू केल्यावर आवाज भरण्याऐवजी खालचा सूर पातळ झाला तर दोघांची दिशा (फेज) उलटी आहे. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसोबत नवा हायब्रिड जोडताना हे वारंवार होतं, कारण दोघांमधल्या उलटवणाऱ्या टप्प्यांची संख्या सारखी नसते. एबीवायवरचा फेजचा खटका उलटा करावा, किंवा एका कॅबिनेटच्या आत स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात.